बॅटरीचा लाल दिवा लागला म्हणून बॅटरी बदलू नका

मारुती ८०० किंवा पहिल्या पिढीतली अल्टो चालवताना मीटरमध्ये बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला, की बहुतेक जण थेट बॅटरीच्या दुकानात जातात. नवी बॅटरी बसते, गाडी झकास सुरू होते आणि दोन दिवसांनी दिवा जिथल्या तिथे. चित्र बॅटरीचं असलं तरी तक्रार चार्जिंगची असते. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र (जुने इलेक्ट्रिशियन अजूनही त्याला डायनामोच म्हणतात), वीज बनवत नाही किंवा पुरेशी बनवत नाही, एवढंच तो दिवा सांगतो.

दिव्याची जोडणी समजली की निम्मं निदान होतं. बल्बच्या एका टोकाला चावीच्या स्विचमधून १२ व्होल्ट येतात आणि दुसरं टोक अल्टरनेटरच्या छोट्या प्लगमधल्या ‘एल’ पिनला जातं. अल्टरनेटर बंद असताना त्या बाजूने अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी परतवाट) मिळतो, म्हणून दिवा लागतो. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि दिवा विझतो. म्हणजे चावी ऑन आणि इंजिन बंद असताना हा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर छोटा प्लग काढून त्यातली ‘एल’ची वायर बॉडीला टेकवा. आता लागला तर बिघाड अल्टरनेटरमध्ये आहे. तरीही लागला नाही तर बल्ब, फ्यूज किंवा वायर पाहा. उलट प्लग काढल्यावरही दिवा पेटलेलाच राहिला, तर ती वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला लागते आहे.

दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढे रेटण्याआधी बाजूला थांबून बॉनेट उघडा आणि बेल्ट जागेवर आहे ना ते बघा. ‘फॅन बेल्ट’ म्हणतात, पण या गाड्यांत फॅन विजेवर चालतो. तो बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवतो. तुटला असेल तर पाणी फिरणं थांबतं आणि थोड्याच अंतरात इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जातं. अशा वेळी गाडी टोच करूनच न्यायची. जुन्या अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंपही अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो, तिथे बेल्ट गेला की ब्रेक दगडासारखा कडक होतो. बेल्ट शाबूत असेल तर एसी, ब्लोअर, टेप बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. दिवसा, चांगली भरलेली ३५ एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी साधारण तासभर निभावते. रात्री पावसात हेडलाइट आणि वायपर चालू असतील तर त्याच्या निम्माही भरवसा धरू नका. आणि वाटेत इंजिन बंद करू नका, पुन्हा सेल्फ मारायला ताकद उरणार नाही.

आता मोजमाप. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर लावून बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवा. वरच्या क्लॅम्पवर नको, कारण दोष कित्येकदा खुंट आणि क्लॅम्प यांच्या मधेच असतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली असूनही जात असेल, तर मात्र बॅटरीच म्हातारी झाली आहे. इंजिन सुरू करून अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरा: १३.८ ते १४.५ हवेत. मग हेडलाइट अप्परवर, ब्लोअर पूर्ण, वायपर चालू. आकडा थोडा उतरेल, पण १३.२ च्या वर राहायला हवा.

इंजिन चालू असताना १२.३, १२.२, १२.१ असा आकडा घसरत असेल तर चार्जिंग शून्य आहे. १३ च्या आसपास अडकला तर बेल्ट घसरतोय, कार्बन (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजलेत किंवा एखादा डायोड (आतल्या एसी विजेची डीसी करणारा भाग) गेलाय. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग) गेला. बॅटरीचं पाणी लवकर आटतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब पटापट उडतात, आणि गंमत म्हणजे अशा वेळी लाल दिवा बहुधा लागतच नाही.

इथे एक कळकळीची सूचना. चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडत नाही, म्हणजे डायनामो ठीक’ असं दाखवणारे मेकॅनिक गावोगावी आहेत. त्यांना थांबवा. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं आणि डायोड जळतात. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत इसीएमचाही (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचाही) बळी जाऊ शकतो.

दुरुस्ती स्वस्तापासून सुरू करा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर दहा नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा (सेलची झाकणं घट्ट बंद हवीत), काचपेपरने घासा, आधी पॉझिटिव्ह कसा, मग निगेटिव्ह, वरून व्हॅसलीन लावा. त्यानंतर इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर. ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर ती वायर, तिचं थिंबल (टोकाची धातूची कडी) किंवा मोठा फ्यूज वीज खातोय. तसंच अल्टरनेटरची बॉडी ते निगेटिव्ह खुंट ०.२ च्या आत हवं, नाहीतर अर्थची पट्टी काढून गंज खरवडा. कोकणातल्या गाड्यांत ही पट्टीच पहिली संशयित धरावी.

पावसाळ्यात सकाळी सुरू करताना किंचाळणारा बेल्ट सैल तरी असतो, नाहीतर आतून काचेसारखा गुळगुळीत झालेला. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर ६ ते १० मिलिमीटर दबावा. ताणायचा तर खालचा आणि वरच्या पट्टीचा बोल्ट सैल करून टॉमीने (लोखंडी पहारीने) अल्टरनेटर बाहेर ढकला. टॉमी पुढच्या जाड भागावर टेकवा, मागचं झाकण तडकतं. वरचा बोल्ट आधी कसा. जास्त ताणलात तर वॉटर पंपाचं बेअरिंग ओरडायला लागेल.

दिवा आयडलवर (रेस न देता इंजिन चालू असताना) लागतो आणि रेस दिली की विझतो, बेल्टही ठीक आहे, तर कार्बन बघायला अल्टरनेटर उतरवा. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडायलाच हवी, कारण जाड वायर चावी बंद असतानाही जिवंत असते. कार्बन होल्डरबाहेर ५ मिलिमीटरही उरले नसतील तर बदला, आणि स्लिप रिंग (कार्बन ज्यांवर घासतात त्या तांब्याच्या कड्या) ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करा.

दिवा मंद, अर्धवट जळत राहतो तेव्हा डायोड प्लेटवर (सगळे डायोड बसवलेल्या पट्टीवर) संशय घ्या. मीटर एसी व्होल्टवर लावून, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर टेकवा: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर प्लेट बदलायची. शॉर्ट झालेला डायोड उभ्या गाडीतही बॅटरी पितो. रात्रभर थांबलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर दुसरा पुरावा शोधायला नको.

नवा बेल्ट टाकला असेल तर दोन-तीनशे किलोमीटरनंतर तो पुन्हा एकदा ताणा. नवं रबर तेवढ्यात सैलावतं.