नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये सायकल टूर? या चुका टाळा

पश्चिम नॉर्वेचा, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांचा (फियॉर्ड), बेत बहुतेक वेळा घरी बसून नकाशा बघतानाच फसतो. आपण दोन गावांमधलं अंतर मोजतो, रोजचे ऐंशी-शंभर किलोमीटर ठरवतो आणि हॉटेलं बुक करून मोकळे होतो. इथे किलोमीटर सगळ्यात शेवटी बघायचे. आधी बोगदे, मग बोटी, मग घाट उघडलाय की नाही.

बोगद्यातून जाता येईल असं धरून चालणं

नॉर्वेत रस्त्यांवर हजाराहून जास्त बोगदे आहेत आणि लांबच्या बऱ्याच बोगद्यांत सायकलला बंदी आहे. आउरलांड आणि लेर्डालमधला २४.५ किलोमीटरचा बोगदा २००० साली सुरू झाला. जगातला सर्वांत लांब रस्ता-बोगदा म्हणून त्याचं कौतुक होतं, पण सायकलवाल्याला तिथे प्रवेश नाही. त्याच्या वाट्याला येतो डोंगरावरून जाणारा जुना रस्ता. तो थेट १३०६ मीटरपर्यंत चढतो आणि हिवाळ्यात बंद असतो. गाडीवाला वीस-पंचवीस मिनिटांत पार करतो त्या टप्प्याला तुमचा अख्खा दिवस जातो.

फ्लोम ते गुडवांगेन हा तुकडा त्याहून फसवा. अंतर जेमतेम वीस किलोमीटर, पण वाटेत दोन मोठे बोगदे, त्यातला एक अकरा किलोमीटरहून लांब. दोन्हींत सायकल बंद, आणि गावातून गावात नेणारा जुना रस्ताही नाही. नेरॉय फियॉर्डमधून जाणारी बोट हाच मार्ग. बोटीला दोनेक तास लागतात, आणि हा फियॉर्ड २००५ पासून जागतिक वारसा यादीत असल्यामुळे उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड असते. सायकलसह जागा आधी बुक करा. ‘तिथे जाऊन बघू’ म्हणणारे धक्क्यावर ताटकळतात.

मोबाइलने सायकलचा मार्ग दाखवला एवढ्यावर भरवसा ठेवू नका. तो कधी बंदी असलेल्या बोगद्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो, कधी खडीच्या शेतवाटेवर घालतो. सायकलवाल्यांसाठी बोगद्यांचे वेगळे नकाशे मिळतात, त्यावर रोजचा टप्पा आदल्या रात्री ताडून बघा. शंका असेल तर १७५ हा तिथल्या रस्ते खात्याचा माहिती क्रमांक आहे. लाल कडेच्या गोल पाटीत सायकलचं चित्र दिसलं की विषय संपला. ‘दोनच किलोमीटर आहे, पटकन जाऊ’ हा आपल्याकडचा हिशेब तिथे चालवू नका.

जिथे परवानगी आहे तिथेही बाहेर थांबून तयारी करा. गॉगल काढा, मागचा-पुढचा दिवा लावा, चमकणारं जॅकेट चढवा. आत पंख्यांचा आणि इंजिनांचा आवाज असा घुमतो की अर्धा किलोमीटर मागचा ट्रक पाठीला टेकल्यासारखा वाटतो आणि नवखा माणूस दचकून हँडल हलवतो. मान वळवायची नाही, कडेची रेघ धरून सरळ जायचं. उन्हाळ्यात गारव्यासाठी मेंढ्या बोगद्यात येऊन बसतात, हेही डोक्यात असू द्या.

चढ आल्प्ससारखा समजणं

आल्प्समधल्या बऱ्याच खिंडींचा चढ सुरू होतो तेव्हाच तुम्ही बऱ्यापैकी उंचावर असता. फियॉर्डच्या काठी रस्ता समुद्राच्या पातळीवर असतो, त्यामुळे खिंडीची उंची पाटीवर जेवढी लिहिली असेल तेवढी सगळी पायांनी भरायची. सोग्नेफ्येल रस्त्याचा माथा १४३४ मीटरवर आहे आणि त्याच्या पायथ्याचं स्क्योल्डन गाव पाण्याला लागून. फोर्टूनपर्यंत रस्ता गोड बोलून नेतो आणि मग टुर्टाग्र्योच्या हॉटेलापर्यंत दहा-अकरा किलोमीटरमध्ये साडेआठशे मीटर चढवतो. माथा त्याच्याही पुढे. ज्यांनी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठलंय त्यांना एकूण चढाईचा अंदाज येईल, फक्त इथे वर महाबळेश्वरची बाजारपेठ नाही, जून महिन्यातही बर्फाच्या भिंती असतात आणि समोरून वारा.

यावर उपाय दोन. एक, सामान लादलेली सायकल असेल तर सर्वांत हलका गिअर एकास एक (पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते सारखे) किंवा त्याहून हलका ठेवा. पुढच्या ३४ दात्यांच्या चक्राला (चेनरिंग) मागे जास्तीत जास्त २८ दात्यांची कॅसेट लावून सामानासकट निघणं म्हणजे गुडघ्यांशी वैर. दोन, दिशा बदला. घाटाच्या दुसऱ्या बाजूचं लोम गाव मुळातच पावणेचारशे मीटरवर आहे आणि तिथून बोव्हरडालची दरी सावकाश वर नेते. लोमहून चढून स्क्योल्डनला उतरलात तर तोच घाट बराच सुसह्य होतो. बहुतेक जण हॉटेलच्या तारखांप्रमाणे दिशा ठरवतात. मला हे उलटं वाटतं.

मे महिन्यात निघणं, आणि रोड बाइक घेऊन राल्लार्वेगेनवर जाणं

आपल्या शाळांच्या सुट्ट्या मेमध्ये, त्यामुळे तिकिटंही तेव्हाचीच काढली जातात. फियॉर्डच्या काठाला तेव्हा सफरचंदाची झाडं फुललेली असतात आणि वरचे घाट मात्र बर्फाखाली असू शकतात. सोग्नेफ्येल साधारण मेमध्ये उघडतो, आउरलांडचा डोंगररस्ता जूनच्या आसपास. दरडींचंही आहेच. ट्रोलस्टिगेनचा अकरा वळणांचा प्रसिद्ध घाट २०२४ मध्ये त्याच कारणाने बंद करावा लागला. एखाद्याच घाटासाठी सगळी टूर आखणं म्हणूनच धोक्याचं.

राल्लार्वेगेन हा हाउगास्टोलहून फिन्सेमार्गे फ्लोमला उतरणारा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता. १९०९ मध्ये पूर्ण झालेल्या बर्गेन रेल्वेच्या बांधकामासाठी तो केला होता. दृश्य अप्रतिम, पण बराच भाग खडी आणि दगडगोट्यांचा, आणि वरचा बर्फ वितळायला जुलै उजाडतो. २५ मिलिमीटरच्या टायरवर तिथे जाऊ नका. जाड टायरची सायकल तिथे भाड्याने मिळते.

उतारावर ब्रेक दाबून धरणं

चढाची भीती सगळ्यांना असते, अपघात उतारावर होतात. हजार मीटर उतरताना सतत ब्रेक धरून ठेवले की रिम (चाकाची कड) किंवा डिस्क (ब्रेकची चकती) तापत जाते. रिम ब्रेक असेल तर उष्णतेने ट्यूब फुटू शकते. हायड्रॉलिक डिस्क असेल तर लीव्हर हळूहळू मऊ पडून हँडलबारच्या जवळ येऊ लागतो. तेव्हा लगेच मोकळी जागा बघून थांबा आणि डिस्क आपोआप निवू द्या. बाटलीतलं पाणी ओतायचं नाही, डिस्क वाकडी होते. जळका वास आला, करकर सुरू झाली, तरी थांबा.

पद्धत सोपी आहे. वळणाआधी सरळ तुकड्यात दोन्ही ब्रेक जोरात आणि थोडा वेळ, मग सोडून द्या. वळणात ब्रेक नाही. पावसात रिम ब्रेक पहिली एक-दोन चक्रं नुसतं पाणी पुसतो, तेवढं अंतर जास्त धरा. गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी दांड्यांच्या जाळ्या असतात, त्या ओल्या असताना सरळ रेषेत, ब्रेक आणि हँडल दोन्ही न हलवता ओलांडा. बोटीच्या लोखंडी रॅम्पलाही हाच नियम.

थंडी हा ब्रेकचाच भाग आहे. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, वर भिजलेले कपडे आणि वारा. बोटं बधिर झाली की लीव्हर दाबला जातोय का तेच कळत नाही. जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे माथ्यावरच घाला, अर्ध्या उतारावर थांबून नाही. बर्गेनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आतलं लेर्डाल त्यामानाने चांगलंच कोरडं. म्हणून सकाळी किनाऱ्यावर पडणाऱ्या पावसावरून दुपारचा अंदाज बांधू नका.

बोट लागली की घाईने सुटणं

फेरी बोटीतून उतरलेल्या सगळ्या गाड्या एकाच वेळी अरुंद रस्त्यावर येतात. त्यांच्या पुढे निघालात तर पुढची दहा मिनिटं मागून हॉर्नच. धक्क्यावर पाणी प्या, टायरची हवा बघा, गाड्या जाऊ द्या. पुढची बोट येईपर्यंत रस्ता जवळजवळ तुमचाच असतो.

खाणं आणि सुटे भाग

रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळी खरेदी उरका. घरून चिक्की न्या. पेढे नकोत, दूध-मांसाचे पदार्थ भारतातून नेऊ देत नाहीत. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

सुट्या भागांत ब्रेक पॅडचा जादा जोड हवाच, ओल्या खडीत ते भराभर झिजतात. ओल्या हवामानाचं चेन ऑइल आणि डिरेलरचा (मागचे गिअर बदलणारा भाग) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, हेही घ्या. विमानात बॉक्स आदळला की पहिला वाकतो तो हँगर. गिअर नीट बसेनासे झाले तर केबल पिळत बसण्याआधी मागून बघा, डिरेलर चाकाला समांतर आहे का. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि व्हॉस किंवा सोग्नडालच्या दुकानात तुमच्या मॉडेलचा मिळेलच असं नाही.