सबटायटल पाच सेकंद आधी दिसतात, तर पाच सेकंद मिळवू नका

नोकरीसाठी दाखवायला प्रकल्प हवा म्हणून बहुतेक जण टू-डू लिस्ट करतात, नाहीतर एखाद्या व्हिडिओ-मालिकेतली दुकानाची वेबसाइट जशीच्या तशी उतरवून काढतात. मुलाखत घेणाऱ्याने त्यावर विचारायचं तरी काय? तिथे बिघडण्यासारखंच काही नसतं. सिनेमे बघणारे असाल तर याहून कितीतरी चांगला विषय हाताशी आहे: सबटायटलच्या वेळा दुरुस्त करणारा प्रोग्रॅम. दोन-तीनशे ओळींत बसतो, पण पहिल्या वर्षात डेव्हलपरच्या अंगावर जे जे येतं ते बहुतेक सगळं त्यात आहे. अस्ताव्यस्त डेटा, वेळेचं गणित, राउंडिंग आणि 'माझ्या मशीनवर तर चालतंय'.

फाइल वाचता-लिहिता येते, फंक्शन लिहिता येतं, गिट वापरता येतं, एवढं धरून चालतो.

सबटायटल बहुधा एसआरटी फाइलमध्ये असतात, आणि ती साधी टेक्स्ट फाइल. प्रत्येक संवादाचा एक तुकडा: आधी क्रमांक, मग वेळेची ओळ, मग संवादाच्या एक-दोन ओळी, मग एक रिकामी ओळ. वेळेची ओळ अशी दिसते:

००:०१:१५,२५० --> ००:०१:१८,०००

सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो. वेबव्हीटीटी नावाच्या भावंड-फॉरमॅटमध्ये तिथे टिंब असतं. लोक एकाचं दुसऱ्यात हाताने रूपांतर करतात, त्यामुळे दोन्ही चिन्हं एकाच फाइलमध्ये सापडतात. वाचताना दोन्ही स्वीकारा, लिहिताना फक्त स्वल्पविराम लिहा.

पार्सर, म्हणजे फाइल वाचून तिचे तुकडे वेगळे करणारा कोड, लिहिताना नवे लोक हटकून क्रमांकाच्या ओळीवर भिस्त ठेवतात: 'ओळीत नुसता आकडा दिसला की नवा तुकडा सुरू.' मग सिनेमात कोणीतरी उलटी मोजणी करतं, पडद्यावर नुसतं '३' येतं आणि पुढचं सगळं कोलमडतं. तुकडा ओळखायचा तो बाणाच्या ओळीवरून. क्रमांक वाचून सोडून द्या आणि लिहिताना नव्याने घाला. काही फाइलींच्या अगदी सुरुवातीला यूटीएफ-८ची खूण म्हणून तीन न दिसणारे बाइट असतात. ते काढले नाहीत तर पहिल्या ओळीतला '१' हा आकडाच नाही असं प्रोग्रॅम सांगतो आणि तुम्ही तासभर त्या '१'कडे बघत बसता. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की हा प्रश्न मिटतो. विंडोजवर तयार झालेल्या फाइलीत ओळ संपवायला दोन कॅरेक्टर असतात. फाइल बाइट म्हणून वाचून रिकाम्या ओळीवर तोडायला गेलात तर अख्खी फाइल एकच तुकडा होऊन बसते. हे सगळं त्रासदायक आहे, पण एकदाच करायचं आहे. घाबरू नका.

वेळ साठवायची ती पूर्णांक मिलिसेकंदात. तास, मिनिटं, सेकंद वेगवेगळे ठेवू नका आणि सेकंद दशांशात तर मुळीच ठेवू नका. कारण एक उदाहरण घेऊन बघा. हिशोबातून ५९.९९९६ सेकंद आले. मिनिटं आधीच वेगळी काढली, शून्य आली. मग सेकंद तीन दशांश स्थळांपर्यंत छापले, तर राउंड होऊन येतात ६०.०००. फाइलमध्ये पडतं ००:००:६०,०००, आणि अशी वेळच नसते. काही प्लेअर तो संवाद गाळतात, काही चुकीच्या जागी दाखवतात. आधी सगळ्याचे मिलिसेकंद करून राउंड करा, मग भागाकार करत तास-मिनिटं-सेकंद काढा. ही चूक मग होतच नाही.

आता मुख्य सापळा. याच्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण नवखे इथेच अडकतात आणि अडकलोय हे त्यांना फार उशिरा कळतं.

सिनेमा लावला. दुसऱ्या मिनिटाला पहिला संवाद आला आणि सबटायटल पाच सेकंद आधी दिसलं. प्रोग्रॅममध्ये सगळ्या वेळांत ५,००० मिलिसेकंद मिळवले, पुन्हा लावला, तोच संवाद बरोबर जुळला. काम झालं म्हणून कमिट केलं. आणि पाऊण तासानंतर पडद्यावरची माणसं एक बोलतायत, खाली भलतंच लिहून येतंय.

कारण फ्रेम रेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवली जातात त्यात, आहे. बोलपट आल्यानंतर, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, सेकंदाला २४ फ्रेम हा सिनेमाचा वेग रूढ झाला. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचं एनटीएससी मानक ठरलं. रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत अडथळा आणू नये म्हणून तिथे ३० फ्रेमचा वेग किंचित कमी करून ३०,०००/१,००१ केला गेला. त्याच प्रमाणात सिनेमाचा २४ झाला २४,०००/१,००१, म्हणजे साधारण २३.९७६. पाल ही दुसरी टीव्ही पद्धत वापरणाऱ्या देशांत टीव्ही २५ फ्रेमचा, म्हणून तिथे २४चा सिनेमा सरळ २५ने पळवत. दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपायचा. एसआरटी फाइलमध्ये फ्रेम रेट कुठेच लिहिलेला नसतो. २५च्या प्रतीवर बनवलेली फाइल २३.९७६च्या प्रतीला लावली तर प्रत्येक वेळ २५,०२५/२४,००० पटीने ताणावी लागते, म्हणजे जवळपास १.०४२७ पट. इथे नुसती बेरीज करून भागत नाही, गुणाकारही लागतो.

सूत्र आठवी-नववीचंच आहे: नवी वेळ = क × जुनी वेळ + ख. 'क' म्हणजे ताण, 'ख' म्हणजे सरक. दोन अज्ञात, म्हणून दोन मोजमापं. समजा, फाइलमध्ये १,२०,००० मिलिसेकंदावर असलेला संवाद सिनेमात १,२५,०००वर ऐकू येतो. शेवटाजवळचा, फाइलमध्ये ६६,००,०००वर असलेला संवाद ६८,८१,७५०वर येतो. सिनेमातलं अंतर ६७,५६,७५०, फाइलमधलं ६४,८०,०००. भागाकार केला की क = १.०४२७०८. त्यावरून ख = उणे १२५ मिलिसेकंद.

या 'ख'कडे नीट बघा. डोळ्यांना दिसत होता पाच सेकंदांचा फरक. खरी सरक आहे एक अष्टमांश सेकंदाची, तीही उलट्या दिशेने. ते पाचही सेकंद ताणातून आले होते, आणि शेवटाजवळ तोच फरक चार मिनिटं ४१ सेकंदांवर गेला होता. पाच हा आकडा खोटा नव्हता. तो फक्त दुसऱ्या मिनिटापुरता खरा होता.

आणि सापळा इथे संपत नाही. कोणत्याही दोन बिंदूंतून एक रेषा जातेच. मोजमाप चुकलं असेल, सिनेमाची प्रत वेगळी असेल, मधला एखादा प्रसंग कापलेला असेल, तरी ते दोन संवाद बिनचूक जुळणारच, कारण उत्तर त्यांच्यावरूनच काढलंय. त्यांच्यावर पुन्हा तपासून काहीही सिद्ध होत नाही. म्हणून तिसरी जागा घ्या, मधली, हिशोबात न वापरलेली. वरच्या उदाहरणात ३६,००,०००वरचा संवाद ३७,५३,६२५वर, म्हणजे १ तास २ मिनिटं ३३.६ सेकंदांवर यायला हवा. हा आकडा आधी लिहून ठेवा, मग सिनेमा तिथे नेऊन बघा. पाव सेकंदाच्या आत आला तर ठीक. तीन-चार सेकंद इकडेतिकडे असेल तर आधी मोजमापं पुन्हा घ्या. तरीही तेवढाच फरक राहिला तर मध्ये कुठेतरी काटछाट आहे. मग एका रेषेने भागणार नाही, जिथे उडी आहे तिथे फाइल तोडून दोन्ही भागांना वेगळं सूत्र लावावं लागेल.

मोजायचं कसं, तेही सांगतो. शांततेनंतर येणारा संवाद निवडा, गाण्यातला किंवा गोंगाटातला नको. प्लेअरमध्ये फ्रेम-फ्रेम पुढे जाता येतं. व्हीएलसीमध्ये त्यासाठी 'ई' ही की आहे. ओठ हलू लागतात ती फ्रेम पकडा. तरी दोनेकशे मिलिसेकंदांची चूक राहतेच, कारण सबटायटल बनवणाऱ्यानेही थोडं मागेपुढे केलेलं असतं. म्हणूनच दोन बिंदू एकमेकांपासून लांब हवेत. पाच मिनिटांच्या अंतरावर घेतले तर २०० मिलिसेकंदांची चूक सिनेमाच्या शेवटापर्यंत साडेचार सेकंदांची होते. पावणेदोन तासांच्या अंतरावर घेतले तर ती २००च्या आसपासच राहते.

'क' मिळाला की तो ओळखीच्या गुणोत्तरांशी ताडून बघा: १.००१, २५/२४, २५,०२५/२४,००० आणि यांचे व्यस्त. जवळचं सापडलं तर मोजलेला आकडा टाकून अपूर्णांकच वापरा. गुणाकार आधी, भागाकार नंतर, राउंडिंग सगळ्यात शेवटी आणि एकदाच. सिनेमाच्या फाइलचा फ्रेम रेट एफएफप्रोब या व्हिडिओची माहिती काढणाऱ्या प्रोग्रॅमने काढा, ते २४०००/१००१ असा अपूर्णांक दाखवतं. कुठेतरी 'माहिती' खिडकीत दिसलेलं २३.९८ उचलू नका. त्या राउंडिंगने दोन तासांत सव्वा सेकंदाचा फरक पडतो. २३.९७६ वापरलं तर फरक सात मिलिसेकंद, तो कोणाला दिसत नाही. कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे सोडून द्यायचं, हे असं आकडा काढून ठरवावं.

हे सगळं सिनेमाचं वाटेल, पण ऑफिसातही याच चालीचे बग येतात. यादीच्या दुसऱ्या पानावर एक नोंद गायब होते असं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, येतं. कोणीतरी सुरुवातीच्या क्रमांकातून एक वजा करतं, दुसरं पान जुळतं, बदल मुख्य कोडमध्ये घ्या म्हणून पीआर जातो. खरं कारण असं की पानावर २० नोंदी दाखवल्या जातायत आणि हिशोब २१ने चाललाय. तिसऱ्या पानापर्यंत एकूण दोन नोंदी गायब होत्या, दहाव्यापर्यंत नऊ. आता एक वजा केल्यामुळे पहिलं पानसुद्धा बिघडलं. दुरुस्ती करण्याआधी किमान एक दूरची जागा बघा: फरक तेवढाच आहे की वाढतोय? वाढत असेल तर वजाबाकी करून काही होणार नाही. आणि दुरुस्तीनंतर तिकिटात नसलेल्या जागी तपासा. सुरुवातीला यात वेळ जातो, रोजच्या मीटिंगमध्ये 'अजून तेच चालू आहे' म्हणायला लाज वाटते. वाटू दे. तेच तिकीट तिसऱ्यांदा उघडतं तेव्हा त्याहून जास्त वेळ जातो.

शॉर्टकटबद्दल माझं मत पक्कं आहे. पार्सर एआयकडून लिहून घेतला तर माझी हरकत नाही, ते काम त्याला जमतं. पण मोजमाप आणि तिसरी जागा तुमची. 'सबटायटल मागे पडतायत, दुरुस्त कर' एवढंच सांगितलंत तर बहुधा बेरीजच मिळेल, कारण विचारलेलंच अर्धवट. प्लेअरमधली विलंबाची बटणंही तीच सवय लावतात: व्हीएलसीत 'जी' आणि 'एच' दाबून सबटायटल ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे करता येतात, पण ती फक्त सरक. एमपीव्ही या प्लेअरमध्ये सबटायटलचा वेगही बदलता येतो, म्हणून शिकण्यासाठी तो जास्त उपयोगी. आधी तिथे आकडे घालून बघा, मग कोड लिहा.

मेंटॉरबद्दलही. जो सिनिअर तुमचा कीबोर्ड ओढून दोन मिनिटांत बग काढून देतो त्याचं कौतुक करा, पण शिकायला त्याच्याकडे जाऊ नका. 'दुसरीकडे काय दिसतंय?' असं विचारून परत पाठवणारा माणूस शोधा. त्याच्याकडे जातानाही रिकाम्या हाताने जाऊ नका. काय यायला हवं होतं, काय आलं, कुठे-कुठे मोजलं, काय करून पाहिलं, एवढ्या चार ओळी लिहून न्या. पुष्कळदा तिसरी ओळ लिहितानाच उत्तर सापडतं. प्रश्न विचारल्याने कोणी कमी लेखत नाही. न मोजता विचारल्याने मात्र लेखतात, आणि ते बरोबरच आहे.

रेपॉझिटरीत टेस्ट ठेवा, प्रत्येक भानगडीची एक: सुरुवातीचे अदृश्य बाइट, नुसता '३' असलेला संवाद, स्वल्पविरामाऐवजी टिंब, ५९.९९९६ सेकंद, शेवटी रिकामी ओळ नसलेली फाइल. सरकवल्यावर उणे होणाऱ्या वेळांचीही एक हवी: सुरुवात उणे असेल तर शून्य करा, शेवटही उणे असेल तर तुकडाच गाळा. टेस्ट आधी लिहा, ती नापास होताना बघा, मग कोड बदला आणि प्रत्येक वेळी वेगळा कमिट करा. मुलाखतीत लोक कमिटचा इतिहास उघडून बघतात.

खऱ्या सिनेमांच्या सबटायटल फाइली रेपॉझिटरीत टाकू नका, त्यावर कोणाचा तरी हक्क असतो. वीस-पंचवीस संवाद स्वतः लिहा, वेळा दोन तासांवर पसरा. मूळ फाइलवर कधीही लिहू नका, नवी फाइल तयार करा. कमांड चालली की 'क', 'ख' आणि तिसऱ्या जागेची अपेक्षित वेळ स्क्रीनवर छापा, म्हणजे वापरणाऱ्यालाही तिथे जाऊन खात्री करून घेता येईल.