रेड वाईनला गुण कसे द्यावेत: एक द्राक्ष, चार देश

फ्रान्समधल्या बोर्डोची एक, चिलीची एक आणि इटलीची एक अशा तीन बाटल्या एकदम उघडून कोणती भारी हे ठरवायला बसलं, तर हाती फारसं काही लागत नाही. द्राक्ष वेगळं, हवामान वेगळं, करण्याची पद्धत वेगळी; चवीतला फरक नेमका कशामुळे, हेच कळत नाही. म्हणून शिकायचं असेल तर द्राक्ष एकच धरा आणि देश बदला. माझ्या मते त्यासाठी सिराहइतकं चांगलं द्राक्ष दुसरं नाही. मूळ फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्याचं, 1832 च्या सुमारास जेम्स बस्बीने नेलेल्या वेलींबरोबर ऑस्ट्रेलियात पोचलं, तिथे त्याचं नाव शिराझ झालं आणि आज नाशिकच्या बागांतही ते चांगलं रुजलंय.

बाटल्या निवडा

उत्तर ऱ्होनमधली क्रोझ-एर्मिताज किंवा सां-जोसेफ (शेजारच्याच नामांकित टेकडीवरची खुद्द एर्मिताज खिशाला फार जड जाते), ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यातली एक, दक्षिण आफ्रिकेची एक आणि नाशिकची एक. परदेशी बाटल्या आयात शुल्कामुळे महाग पडतात, तेव्हा पाच-सहा जणांनी वर्गणी काढावी. चाखायला एका पेल्यात 50 मिलीलीटर पुरते, म्हणजे 750 मिलीलीटरच्या बाटलीत पंधरा जणांचंसुद्धा भागतं.

लेबलवरचं साल शक्यतो जवळपासचं घ्या. पण एक ध्यानात असू द्या: ऱ्होनमध्ये द्राक्षतोडणी साधारण सप्टेंबरात होते, बरोसात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. त्यामुळे साल एकच असलं तरी नाशिकची वाईन ऱ्होनच्या वाईनपेक्षा सहा-आठ महिन्यांनी थोरली असते.

खोली, पेले, तापमान

जेवणाआधीची सकाळची वेळ उत्तम. त्या खोलीत उदबत्ती नको, अत्तर नको, शेजारच्या स्वयंपाकघरात फोडणी नको. पेला वर निमुळता होणारा असावा. रेड वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं सांगतात, पण ती खोली युरोपातली. 16 ते 18 अंश सेल्सिअस हे खरं तापमान. पुण्या-मुंबईत बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा. गरम वाईनमध्ये अल्कोहोल नाकात घुसतं आणि बाकी सगळं झाकून टाकतं.

नावं झाका

ही पायरी गाळली तर पुढचे गुण फुकट. चाखण्यात भाग न घेणाऱ्या कुणाला तरी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर आकडे टाकायला सांगा. त्याला आणखी एक सांगा: चारांतली कुठलीही एक वाईन पाचव्या पेल्यात पुन्हा ओत, कुठली ते बोलू नकोस. शेवटी त्या दोन पेल्यांच्या गुणांत किती फरक पडला ते पाहा. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी अनुभवी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन तीनदा दिली होती. 2008 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. प्रत्येक वेळी जवळपास सारखेच गुण देणारे परीक्षक दहात एखादाच निघाले. तेव्हा फरक पडला म्हणून खट्टू होऊ नका. फक्त आपला आकडा किती हलतो हे कळू द्या.

लेबल झाकल्यावर काय होऊ शकतं हे 1976 साली पॅरिसमध्ये जगाने पाहिलं. ब्रिटिश वाईन व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी भरवलेल्या, लेबल झाकलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी रेड वाईनमध्ये पहिला क्रमांक दिला तो कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप या वाईनरीच्या 1973 च्या कॅबरने सॉव्हिन्यॉ द्राक्षाच्या वाईनला, बोर्डोच्या नामांकित वाईन्सच्या वर. नाशिकच्या बाबतीतही ‘आपली आहे’ म्हणून दोन गुण जास्त आणि ‘आपलीच तर आहे’ म्हणून दोन कमी, या दोन्ही खोडी झाकलेली बाटलीच मोडते.

आधी नाक

पेला न हलवता एकदा हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा. सगळ्यात आधी दोष शोधा. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर बुचातून आलेल्या टीसीए या रसायनाने वाईन बिघडली आहे; तिला गुण देऊच नका, बाजूला ठेवा. नेलपॉलिशसारखा वास वाईन व्हिनेगर होण्याकडे झुकल्याची खूण. जरासा सडक्या अंड्याचा वास मात्र पेला फिरवत राहिलं की बऱ्याचदा उडून जातो, त्याला पाच मिनिटं द्या.

मग जे येतं ते लिहा, आणि आपल्या शब्दांत लिहा. ब्लॅककरंट कधी खाल्लं नसेल तर ते लिहू नका. करवंद, जांभूळ, तुती, मनुका, लवंग, तंबाखू, चामडं, पहिल्या पावसाची माती हे सगळं तुमच्या नाकाच्या ओळखीचं आहे. सिराहमध्ये खास शोधायची ती काळी मिरी. ती रोटुंडोन नावाच्या संयुगामुळे येते. खऱ्या मिरीतही तेच असतं. थंड भागातल्या सिराहमध्ये ते जास्त सापडतं, म्हणून ऱ्होनच्या पेल्यात मिरी ठसठशीत असते, तर बरोसात पिकलेल्या काळ्या फळांचा, चॉकलेटचा आणि अमेरिकन ओकच्या पिंपामुळे कधी नारळ-व्हॅनिलाचा वास पुढे येतो. गंमत म्हणजे पाचांतल्या साधारण एका माणसाला रोटुंडोनचा वासच येत नाही. शेजारचा ‘मिरी, मिरी’ म्हणतोय आणि तुम्हाला काही जाणवत नाही, तर ते खोटं लिहू नका.

मग तोंड

लहान घोट घ्या, जिभेवर सगळीकडे खेळवा आणि थुंका. हो, थुंकाच, तिसऱ्या पेल्यानंतर गिळणाऱ्याचे गुण आपोआप वाढू लागतात. दोन पेल्यांमध्ये पाणी आणि साधा पाव.

चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा. आंबटपणा: गालांच्या आत लाळ किती सुटते. तुरटपणा, म्हणजे टॅनिन: जांभळं खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या जशा आवळून येतात तसं किती होतं, आणि ते मऊ की खरखरीत. अल्कोहोल: घशाशी किती ऊब जाणवते. आणि अंग: वाईन तोंडात किती जड वाटते. नवखे लोक तुरटपणाला दोष समजून गुण कापतात. ते चूक आहे. फळ भरपूर असेल तर तोच तुरटपणा वाईनला उभं धरतो. फळ विरळ आणि तुरटपणा रखरखीत असेल तेव्हाच कापा.

थुंकल्यावर मनात सेकंद मोजा. चव तीन-चार सेकंदांत विरली तर वाईन साधी. दहाच्या पुढे रेंगाळली आणि रेंगाळताना बदलत गेली, तर ती चांगली आहे.

आता आकडा

100 गुणांची पद्धत अमेरिकन वाईन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्यामुळे जगभर गेली, पण तिची सुरुवातच 50 पासून होते. घरच्या चाचणीला 20 गुण बरे. पॅरिसच्या त्या चाचणीतही 20 पैकीच दिले होते. मी असे वाटून घेते: वास 6, चव 8, रेंगाळणं 3, तोल (वरच्या चार गोष्टींचा एकमेकींशी मेळ) 3. रंगाला शून्य, गडद रंग पाहून मन आधीच भुलतं. ‘मला आवडली का’ याला समासात एक खूण पुरे, गुण नाहीत. 

आकड्याशेजारी दोन ओळी हव्यातच. ‘छान, स्मूथ, 15’ यातून वाचणाऱ्याला काही मिळत नाही. हे बघा: ‘काळी मिरी, करवंद, थोडा धुरकट वास. आंबटपणा ताजा, तुरटपणा बारीक, अंग मध्यम. शेवट लांब, मिरी पुन्हा येते. मटणाबरोबर चालेल. 16.’ याच वाईनला दुसरा कोणी 14 देईल, पण वाचणाऱ्याला बाटली घ्यायची की नाही ते कळेल.

कागद उघडायच्या आधी सगळ्यांचे गुण लिहून झालेले असू द्या. उरलेल्या बाटल्या बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत चाखा. काही वाईन्स हवा लागल्यावर खुलतात, काही बसतात. मत बदललं तर जुना आकडा खोडू नका, शेजारी तारीख घालून नवा लिहा.