‘काही करत नाही जी तो’ : दारच्या कुत्र्याबाबतीत या चुका टाळा

कुत्रं दात विचकत फाटकावर येतं, रस्त्यानं जाणारा जागच्या जागी थबकतो, आणि ओट्यावर बसलेला मालक हातातली बशीसुद्धा खाली न ठेवता म्हणतो, ‘‘चाला जी बिनधास्त, काही करत नाही तो.’’ यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी, आर्णी, पांढरकवडा या भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी गेली. ढोरांना इंजेक्शनं द्यायला दारोदार फिरायचं काम, त्यामुळे हे वाक्य मी गावागावांत ऐकलं आहे. गावं वेगळी, कुत्री वेगळी, वाक्य तेच. निवृत्तीनंतरही लोक विचारायला येतात आणि चुकाही त्याच त्या सांगतात. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मालक बसून राहतो, कुत्रं शिकत राहतं

सगळ्या चुकांची आई हीच, म्हणून हिच्यावर जास्त बोलणार आहे.

कुत्र्याच्या बाजूनं पाहा. रस्त्यानं माणूस आला. कुत्रं भुंकलं. माणूस निघून गेला. माणूस तसाही जाणारच होता, त्याला एसटी गाठायची होती. पण ते कुत्र्याला कुठं ठाऊक? त्याच्या हिशेबी त्यानं भुंकून माणसाला पळवलं. शाळेची पोट्टी सकाळी जातात, दुपारी येतात. दूधवाला येतो, मीटर रीडिंगवाला येतो, आशाताई येते. प्रत्येक वेळी कुत्रं जिंकतं. दोन-तीन वर्षं असं जिंकत आलेल्या कुत्र्याला तुम्ही एक दिवस ‘चूप’ म्हणता आणि ते ऐकत नाही म्हणून वैतागता! तुम्ही त्याला काही शिकवलं नाही असं नाही. रस्त्यानं रोज शिकवलं आणि तुम्ही शिकवू दिलं.

घाटंजीकडच्या एका गावातलं सांगतो. पांदण रस्ता डांबरी रस्त्याला मिळतो तिथं कोपऱ्यावर घर, तुराट्यांचं कुंपण, फाटकाजवळ खुंटीला बांधलेला वाघ्या. नावाप्रमाणेच अंगानं दांडगा. मालकाला त्याचा फार अभिमान. कपाशीच्या वेचणीला पलीकडच्या वस्तीतल्या बाया याच पांदणीनं जायच्या. वाघ्याच्या भीतीनं त्यांनी वाट सोडली आणि नाल्यातून वळसा घालून जायला लागल्या. मालकाला याची लाज वाटायला हवी होती. तो पारावर फुशारकी मारायचा, ‘‘आपल्या वाघ्यापायी अख्खी वस्ती नाल्यातून जाते.’’

एका सकाळी त्या बायांमध्ये एक नवीन बाई होती, पाहुणी म्हणून आलेली. तिला नाल्याचं कुणी सांगितलं नाही. आदल्या रात्री अवकाळी पाणी पडून काळी माती लोण्यासारखी झाली होती. वाघ्यानं झेप घेतली आणि खुंटी साखळीसकट उपटून आली. तो चावला नाही. नुसता अंगावर गेला. बाई डोक्यावरच्या डब्या-पोत्यासकट पडली आणि तिचं मनगट मोडलं. मालक काय म्हणाला असेल? ‘‘चावला थोडीच? अन् ते पयाली काऊन?’’

बाईचा नवरा पोलीस ठाण्यात निघाला होता आणि गेला असता तर त्याचं काही चुकलं नसतं. माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा मोठी इजा होईल अशा बेतानं जनावर निष्काळजीपणे ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यातही हे कलम होतंच, पण दंड एक हजाराचा होता. शेवटी गावातल्या जाणत्यांनी बसून मिटवलं. दवाखान्याचा खर्च आणि हंगामभराची बुडालेली मजुरी मालकानं भरली. त्यानंतर तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, ‘‘डॉक्टर, भुकणं बंद होईन अशी एखादी गोळी द्या.’’

अशी गोळी नसते. गोळी मागणारा माणूस आला की मला कळतं, याला कुत्रं नको, देखावा पाहिजे.

आधी आम्ही वाघ्याची जागा बदलली. फाटकावरून उचलून घराच्या मागच्या बाजूला, लिंबाखाली. मग कुंपण झाकलं. तुराट्यांच्या फटीतून चालणारे पाय दिसतात आणि पूर्ण माणूस दिसत नाही, याइतकं कुत्र्याला पिसाळवणारं काही नाही. खताची रिकामी पोती उसवून, शिवून त्याचा पडदा केला. फुकटात झालं. निम्मं भुंकणं तर तिथंच कमी झालं.

उरलेलं काम मालकाचं होतं आणि तेच त्याला नको होतं. त्याचं म्हणणं, बायांनीच येता-जाता तुकडा टाकावा, म्हणजे ओळख होईल. वस्तीतली एक म्हातारी फटकन बोलली, ‘‘मी काऊन घालू त्याच्या कुत्र्याले भाकर?’’ बरोबरच बोलली. रस्ता सगळ्यांचा, कुत्रं एकाचं.

तर काम असं. कुत्र्याला दोरीनं धरून रस्त्यापासून इतकं लांब बसायचं की त्याला माणूस दिसेल, त्याचे कान टवकारतील, पण तोंड उघडणार नाही. माणूस दिसला की लगेच तुकडा. दिसतोय तोवर तुकड्यामागून तुकडा. माणूस गेला की खाऊ बंद. क्रम उलटा करू नका. आधी तुकडा दाखवला तर ते फक्त तुमच्या हाताकडं पाहील, रस्त्यावर कोण गेलं ते त्याच्या गावीही नसेल. आधी माणूस, मग तुकडा. असं होता होता कुत्र्याच्या डोक्यात बसतं की रस्त्यानं माणूस आला म्हणजे खायला येतं. मग चार पावलं पुढं सरकायचं. भुंकलं तर रागवायचं नाही, चार पावलं मागं यायचं. ते भुंकलं याचा अर्थ तुम्ही घाई केली.

मी यासाठी बाजारातले सुके झिंगे वापरतो. वास दांडगा, तुकडा बारीक, आणि एका मुठीत सकाळ निघते. शर्टाच्या खिशात ठेवतो म्हणून घरात माझे शर्ट वेगळे धुतले जातात, तो भाग सोडा. भाकरीचे तुकडेही चालतात, पण कुत्रं उपाशीपोटी पाहिजे. सकाळचं जेवण याच कामातून द्या. रश्श्यात भिजवलेली भाकर नको, कांदा कुत्र्याला बाधतो.

आठवडा उलटला नाही तोच मालकाचा फोन, ‘‘काही फरक नाही जी.’’ तीन वर्षं बिघडवलेलं जनावर याला सोमवार ते रविवारात दुरुस्त करून पाहिजे! कपाशीला पाणी देताना कुणी असं म्हणत नाही. तरी त्याची बायको चिवट निघाली. वेचणीच्या वेळी ती रोज ओट्यावर बसायची. संक्रांत झाल्यावर मी तिकडून गेलो तेव्हा वाघ्या एकदा ‘भुक’ म्हणाला आणि मान वळवून बाईच्या हाताकडं पाहू लागला. एवढं पुरे आहे. कुत्रं मुकं करायचं नसतं. वाघ्याला मोकळा मात्र नंतरही कधी सोडला नाही आणि सोडूही नये.

दिवसभर साखळी

लोक म्हणतात, ‘‘बांधून ठेवतो ना, मग काय झालं?’’ हीच तर गोष्ट आहे. मोकळ्या कुत्र्याला भीती वाटली तर ते चार पावलं मागं सरकू शकतं. हातभर साखळीच्या कुत्र्याला तो मार्गच नाही, म्हणून ते आधीच अंगावर येतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर आणि हे टिनाच्या शेडखाली जीभ काढून धापा टाकतंय. त्याचा स्वभाव चांगला राहील कसा? शहरातून हौसेनं आणलेल्या केसाळ जर्मन शेफर्डचं तर विचारूच नका. ते आणूच नका, हे माझं मत.

जनावराला फार आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला हिंडायला-फिरायला न नेणं, ही दोन्ही 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात क्रूरता म्हणून लिहिलेली आहेत. गावात हे सांगितलं की लोक हसतात. हसोत.

माझी सवय अशी. मागच्या अंगणात दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर तार ताणायची, तिच्यात लोखंडी कडी, कडीला दोरी. कुत्रं या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ शकतं, सावली बदलली की तेही बदलतं. रस्ता दिसणार नाही अशी बाजू निवडा. आणि पहाटे दोरी धरून शेतापर्यंत न्या. दमलेलं कुत्रं झोपतं, भुंकत नाही. जंगलाला लागून गाव असेल, चंद्रपूरकडं किंवा टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला, तर रात्री अंगणात बांधूच नका, आत घ्या. बिबट्याला बांधलेलं कुत्रं म्हणजे घरपोच जेवण. तुम्ही बिबट्याला अंगणाची वाट दाखवता आणि त्या अंगणात तुमची पोरंही खेळतात.

राखणीच्या नावाखाली

‘‘रानडुकरं आहेत, रोही (नीलगायी) आहेत, कुत्रं तिखट पाहिजेच.’’ पाहिजे ना! जागलीला जाणाऱ्याच्या सोबत भुंकणारं कुत्रं पाहिजे, हे मी शेतकऱ्याच्या घरचा असल्यानं मला कुणी सांगू नये. पण शेतातलं कुत्रं शेतात. बंडीमागं धावत ते गावात येतं आणि भर बाजाराच्या दिवशी राखण करायला लागतं, तिथं गोंधळ होतो. गावात शिरायच्या आधी दोरी लावा. एवढंसं काम आहे.

तिखट करण्यासाठी कान कापणं, मिरची खाऊ घालणं, काठीनं डिवचणं, हे करणाऱ्याला माझ्या दारात उभं करत नाही. याहून जास्त लिहिणार नाही.

पोरांचं ‘छू’

गंमत म्हणून ‘छू’ करणाऱ्या पोट्ट्याच्या बापाला आधी शिकवा. एकदा ‘छू’ केल्यावर बिघडलेलं निस्तरायला महिने लागतात.

ओरडणं, चप्पल फेकणं, करंटचा पट्टा

तुम्ही ओरडता तेव्हा कुत्र्याला वाटतं, मालकही सोबत भुंकतोय. चप्पल फेकली की रस्त्यावरचा माणूस दिसणं आणि मार बसणं यांची जोडी लागते आणि कुत्रं त्या माणसाचा आणखी राग करतं. ऑनलाइन मिळणारा करंटचा पट्टा, म्हणजे कुत्र्याच्या गळ्याला विजेचा झटका देणारा पट्टा, ही त्याच चपलेची महाग आवृत्ती. मारानं काही कुत्री भुंकणं सोडतात हे खरं. मग ती न भुंकता थेट चावतात. भुंकणारं कुत्रं निदान सांगून तरी येतं.

पिल्लू असताना वेळ घालवणं

तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू जे पाहतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. डोक्यावर मोळी घेतलेली बाई, हेल्मेटवाला, पाठीला फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, शेळ्या, काठी टेकत चालणारं म्हातारं माणूस, सगळं दाखवा. लस व्हायची असेल तर कडेवर घेऊन दाखवा, जमिनीवर सोडू नका. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. ‘आपलं कुत्रं घरातच असते’ ही सबब नको.

तरी अडलं तर

तुकडा घेतच नसेल तर तुम्ही रस्त्याच्या फार जवळ बसला आहात. मागं सरका.

फक्त मोटारसायकलवर धावत असेल तर आधी घरच्याच उभ्या गाडीजवळ खाऊ घाला, मग चालू गाडीजवळ, मग हळू चालणाऱ्या. तोवर फाटक बंद.

पहिल्यापेक्षा जास्त भुंकायला लागलं? गप्प बसवायला तुम्ही आधी भाकर फेकत होता आणि आता बंद केली, असं असेल. काही दिवस ते जोर लावून पाहणार. त्या दिवसांत हरून पुन्हा भाकर फेकली तर ते शिकेल की अजून मोठ्यानं भुंकायचं असतं.

चावलं, किंवा नुसतं ओरखडलं, तरी मालकानं स्वतः त्या माणसाला घेऊन जायचं. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची. मिरची, चुना, हळद काही नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. खोल जखमेला रेबीजच्या लसीबरोबर सीरमचं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना स्वतः विचारून घ्या. आणि पुढचे डोस चुकवू देऊ नका, लक्ष ठेवणं हेही तुमचंच काम.

शांत कुत्रं अचानक चिडकं झालं तर आधी कान, दात, गोचिड पाहून घ्या, दुखणाऱ्या जनावराला कुणी जवळ आलेलं नको असतं. पण आवाजच बदलला असेल, घोगरा झाला असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर पाहायलाही जवळ जाऊ नका. घशात हाडूक अडकलं असं समजून तोंडात हात घालणारे मी पाहिले आहेत. हे रेबीजचं लक्षण असू शकतं. फाटक लावा, पोरांना आत घ्या, पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, आणि ज्याच्या ज्याच्या हाताला लाळ लागली असेल त्यांची नावं आठवून त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडं पाठवा.