इतिहासाच्या सरांचं आयुष्य लिहून ठेवायचं तर कुठून सुरुवात करायची

आमचे इतिहासाचे सर गेले त्या रात्री शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर श्रद्धांजलीचे ढीगभर मेसेज पडले आणि आठवड्याभरात ते सगळे गुड मॉर्निंगच्या खाली गाडलेही गेले. मग आम्ही चारपाच जणांनी ठरवलं की सरांचं आयुष्य नीट लिहून काढायचं. देवगड तालुक्यातलं गाव आमचं, अर्धी मुलं मुंबईला, त्यामुळे दोन वर्षं गेली. तुमच्याही गावात असे कोणी सर असतील तर आम्ही केलं ते कामाला येईल म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे "आदर्श शिक्षक, ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व, समाजासाठी झिजले" असलं कोणाकडून लिहून घेऊ नका. ते कुठल्याही सरांना चालतं. प्रत्येकाला एवढंच विचारायचं की सरांनी तुमच्यासमोर काय केलं, कधी, कुठे, आणि तिथे अजून कोण होतं.

हे आम्हाला सरांनीच शिकवलं होतं. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे आहेत, लोक सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणाला लॉकियर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने तिथेच दुर्बीण लावून हेलियम शोधला, आणि आम्हालाही ते ऐकून भारी वाटायचं. सर त्या ओट्यांवर आम्हाला बसवून विचारायचे, "कशावरून?" कोणालाच सांगता यायचं नाही. मग सांगायचे की त्या ग्रहणाला जान्सन नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूरला होता, लॉकियर तेव्हा इंग्लंडात, आणि ज्या पिवळ्या रेघेवरून हेलियम ओळखला ती सूर्याच्या उजेडातली रेघ त्याने बघितली ती ऑक्टोबरात, तिकडूनच. त्यावरून गावातल्या काही लोकांनी सरांशी वाद घातला, पण सरांनी गोष्ट बदलली नाही. तिहेरी तटाचा किल्ला आहे आपला, त्याला उसनं मोठेपण कशाला, एवढंच म्हणायचे. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आपल्या किनाऱ्यावरचे, तेव्हा सरांची फार आठवण झाली.

तर तीच रीत सरांनाही लावा. आम्हाला तिघांनी सांगितलं की भर पावसात सर खाडी पोहून परीक्षेचे पेपर घेऊन आले होते. बघितलेलं एकानेही नव्हतं. वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, विचारलं तर म्हणाल्या, त्यांना पोहता येत नव्हतं रे! काढून टाकलं. वाईट वाटलं, पण सरांच्या आयुष्यात अशी गोष्ट घालणं बरोबर नव्हतंच.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, ती गोंधळतात आणि काहीतरी सांगून मोकळी होतात. त्याऐवजी असं विचारा की हे कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ कळतं. लाल मिलो, म्हणजे रेशनवरची तांबडी ज्वारी, खायचो तेव्हाचं म्हणाले तर दुष्काळाची वर्षं, १९७२ च्या आसपास. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला, कोकण रेल्वे पुरी सुरू झाली १९९८ ला, आणि आमच्याकडे सगळ्यात पक्की खूण म्हणजे मुंबईचा गिरणी संप, १८ जानेवारी १९८२, कारण ज्याच्या त्याच्या घरची मनीऑर्डर त्यानंतर थांबली.

रेकॉर्डिंग मोबाईलवर चालतं, फक्त फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पंखा बंद करा, नाहीतर नुसती घरघर येते. माणूस मालवणीत बोलत असेल तर मालवणीतच बोलू द्या आणि लिहितानाही तसंच ठेवा. "सरांनी माझी फी भरल्यानी, बापाशीक म्हायत पण नाय" हे वाक्य पुस्तकी मराठीत करून बघितलं आम्ही, जीवच गेला त्यातला. चाकरमानी चतुर्थीला आणि मे महिन्यात येतात तेव्हाच गाठा, आणि नव्वदीतली माणसं मात्र आधी, उद्याच.

कागदांचं सांभाळून. सरांची पत्र्याची ट्रंक उघडली तर वरचा थर वाळवीने खाल्लेला, खाली बुरशी. ओले कागद उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर सुकवा, कितीही मोह झाला तरी लॅमिनेशन नको. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, काचेवरूनच स्कॅन करा किंवा खिडकीच्या उजेडात तिरका धरून फोटो काढा. फोटोतली नावं लगेच विचारून ठेवा, मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने. आणि एक महत्त्वाचं, ट्रंकेतलं सगळं सरांचं नसतं. लोक घरातले मोडी कागद त्यांच्याकडे वाचायला आणून देत, त्यातले कितीतरी तिथेच राहिले होते. ज्याचे त्याला परत द्या, स्कॅन ठेवायचा असेल तर विचारून ठेवा. शाळेतलं हजेरी मस्टर, जनरल रजिस्टर बघायला मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज करा, मिळायला वेळ लागतो.

ट्रंकेच्या तळाशी एक शंभर पानी वही होती, वर काहीच लिहिलेलं नाही. आत मुलांची नावं, पुढे वाडी, आणि त्यापुढे शाईने बारीक अक्षरात "म. ऑ. बंद". कुठे "फी", कुठे "वह्या", कुठे "चप्पल". म. ऑ. म्हणजे मनीऑर्डर, संपाच्या वर्षाची ती यादी. परत किती आले असा कॉलमच नव्हता. वहिनींनाही वही माहीत नव्हती, त्या फक्त म्हणाल्या की त्या वर्षी घराची कौलं परतायची राहिली होती. आम्ही दोन वर्षं माणसं शोधत फिरलो आणि सगळ्यात जास्त सांगितलं ते या वहीने, म्हणून म्हणतो, बिननावाची वही, डायरी, हिशेबाचा कागद आधी वाचा, हार घातलेले फोटो नंतर.

सर मारायचेही. छडी होती, आणि एका मुलाने त्यापायी शाळा सोडली. आमच्यात यावर खूप वाद झाला, शेवटी त्यालाच जाऊन भेटलो, त्याने सांगितलं तसंच्या तसं घेतलं, वहिनींना आधी वाचून दाखवून.

वहीतली नावं मात्र छापू नका. ज्याचं त्याला फोन करून विचारा. आम्ही एक पान नावं झाकून छापायचं ठरवलं होतं, तेवढ्यात त्यातल्याच एकाचा डोंबिवलीहून फोन आला, माझं नाव उघडं ठेवा आणि त्याखाली माझ्या बहिणीचं, तिच्यापुढे "चप्पल" लिहिलंय ना, तेही. तिला विचारलं, ती हो म्हणाली. त्या पानावर तेवढी दोन नावं दिसतात.