जंगल किती, यापेक्षा सलग किती: अधिवासाच्या बाबतीत या चुका टाळा

काळ्या घोड्याजवळच्या पुलावर दुचाकी थांबवून विश्वामित्रीतल्या मगरी बघणं ही आम्हा बडोदेकरांची जुनी सवय. मगर दिसते, म्हणजे नदीचं बरं चाललंय, असं आपण धरून चालतो. पहिली चूक तिथेच होते. मगर कित्येक दशकं जगते. आज उन्हात पडलेली दहा फुटी मगर ज्या काठावर अंड्यातून बाहेर आली, तो काठ आता शिल्लक असेलच असं नाही. अधिवास, म्हणजे प्राण्याची राहायची-वाढायची जागा, तुटला तरी मोठी जनावरं बरीच वर्षं दिसत राहतात, आणि पुढची पिढी गुपचूप थांबते. म्हणून मोठ्या मगरी मोजू नका. जूनमध्ये वीतभराहून जराशी मोठी पिल्लं दिसतात का, ते बघा.

हे आम्हीही फार उशिरा शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या मित्रमंडळींनी एका फेब्रुवारीत काठावरची झुडपं तोडून जागा ‘स्वच्छ’ केली. प्लास्टिक उचललं ते योग्यच होतं. पण त्याच उतारावर ओल्या मातीत पोट घसटत गेल्याचा रुंद पट्टा होता, मधोमध शेपटीची चर आणि दोन्ही बाजूंना पंजे. आम्ही त्याचे फोटो काढले आणि कोयते चालवत राहिलो. फेब्रुवारी ते एप्रिल हा मगरीचा अंडी घालायचा काळ. मादी पाण्यापासून थोडं वर, भुसभुशीत मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी पुरते. अंड्यातून नर निघणार की मादी, हे त्या मातीच्या उबेवर ठरतं, आणि सावली गेली की ऊबही बदलते. त्या दिवशीची आठवण मला अजून टोचते.

नदी सलग वाहते म्हणून मगरीचा अधिवासही सलग आहे, असं समजू नका. मगरीला पाणी, ऊन खायला उतार, बीळ खणायला माती आणि अंड्यांना जागा, हे सगळं जवळजवळ लागतं. मधला अर्धा किलोमीटर काठ दगडांनी बांधून काढला, की पाणी जोडलेलं राहतं आणि घर तुटतं. काठावर काम करायचंच असेल तर पावसाळा संपल्यावर, हिवाळ्याच्या सुरुवातीला करा. आधी वनखात्याला विचारा, कचरा उचला, झुडपांना हात लावू नका.

दुसरी चूक हिशेबाची. ‘जंगलाचं क्षेत्र तेवढंच आहे’ हे वाक्य ऐकलं की कागद-पेन्सिल घ्या. दहा किलोमीटर लांब, दहा रुंद असा शंभर चौरस किलोमीटरचा एक तुकडा काढा. कडेपासून एक किलोमीटर आतपर्यंत वारा, आग, गुरं, कुत्री, माणसं पोचतात असं धरा. शांत गाभा उरतो ६४ चौरस किलोमीटर. आता याच क्षेत्राचे चार सारखे, सुटे तुकडे करा: गाभा ३६. दोन-दोन किलोमीटरचे पंचवीस तुकडे करा: गाभा शून्य. क्षेत्र तिन्ही वेळा शंभरच! आपल्या पूर्वेला जांबुघोडा आणि रतनमहाल ही दोन अभयारण्यं आहेत. तिथल्या अस्वलांसाठी खरा प्रश्न या दोन्हींच्या मधल्या शेतांचा, रस्त्यांचा आणि ओढ्याकाठच्या झाडोऱ्याचा आहे. ‘वाढलेलं हिरवं क्षेत्र’ अशी बातमी वाचलीत तर एवढंच विचारा: ते कशाला जोडलेलं आहे?

एखादा प्राणी चालत आला म्हणजे वाट शाबूत आहे, असंही नव्हे. फेब्रुवारी २०१९मध्ये गुजरातेत लुणावाड्याजवळ वाघाचा फोटो मिळाला, सगळ्यांना केवढा आनंद झाला. तो मध्य प्रदेशातून आला होता. त्याच महिन्यात तो मेलेला सापडला. एकटा नर येऊन वंश उभा राहत नाही. मादीही यायला हवी, आणि माद्या सहसा इतक्या लांब जात नाहीत.

आकडा वाढला की निर्धास्त होणं ही तशीच गफलत. २०२५च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह भरले. पण मुळात सगळे मोजक्याच पूर्वजांचे वंशज, आणि २०१८मध्ये श्वान-डिस्टेंपर या कुत्र्यांना होणाऱ्या विषाणूजन्य रोगाच्या साथीच्या वेळी गीरच्या एकाच भागात काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह दगावले.

‘पकडा आणि लांब सोडून या’ ही मागणी दर पुरानंतर होते. ऑगस्ट २०२४मध्ये मगरी रस्त्यांवर, अंगणांत आल्या तेव्हाही झाली. बिळं बुडाली की मगर कोरडी जागा शोधते, ती शिकारीला निघालेली नसते. जुन्नरला बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात हे नोंदलेलं आहे. सोडलेल्या जनावराला नवी जागा परकी असते, आणि तिथे आधीचं कोणीतरी राहत असतंच. दारात मगर आली तर मुलं आणि कुत्री आत घ्या, गर्दी हटवा, तिला परतीचा रस्ता मोकळा ठेवा आणि वनखात्याला कळवा. काठीने डिवचू नका, व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका.

शहराबाहेर ज्यांची शेती आहे त्यांनी थोराची, म्हणजे निवडुंगासारख्या काटेरी झुडपाची, जुनी वाड (कुंपण) काढून तारेची जाळी लावण्याआधी थोडं थांबावं. मुंगूस, रानमांजर, साळिंदर, तित्तिर यांना त्या कुंपणात आडोसा मिळतो, आणि शेताशेतांतून जायची वाटही तीच. जाळी लागणारच असेल तर तळाशी जागोजागी वीतभर मोकळीक सोडा. विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधा, गीरच्या परिसरात उघड्या विहिरींत सिंह आणि बिबटे पडलेत. आणि गवताळ माळाला पडीक समजून तिथे झाडं लावू नका. काळवीट आणि तणमोर यांना उघडं गवतच हवं असतं, मधोमध उभी केलेली झाडांची पट्टी म्हणजे त्यांच्या लेखी भिंत.

रस्त्यावर चिरडलेला प्राणी दिसला तर हळहळून पुढे जाऊ नका. जागा, वेळ आणि फोटो टिपून वनखात्याकडे द्या. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ उंचावून खालून वाटा ठेवल्या, तिथून वाघ जाताना कॅमेऱ्यांत आलेत. आपल्याकडे एखाद्या ओढ्यावर रस्त्याखालच्या नळीच्या जागी रुंद मोरी मागायची, तर नेमकी कुठे हे दाखवावं लागेल. त्यासाठी दोन पावसाळ्यांच्या नोंदींची एक वही पुरे.