घरातलं पोरगं गाडी चालवायला लागलंय? विम्याच्या या चुका टाळा

सोसायटीच्या बेसमेंटमधून वर येताना शेजारच्यांच्या मुलाने रॅम्पच्या खांबाला गाडी घासली. डावा दरवाजा चेपला. क्लेम फॉर्ममध्ये ‘गाडी कोण चालवत होते’ या रकान्यात वडिलांनी स्वतःचंच नाव टाकलं, म्हणे मुलाचं नाव दिसलं तर पैसे मिळत नाहीत. मुलाकडे पक्कं लायसन्स होतं! आपल्याकडे विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीने लायसन्सवाला कुणीही ती चालवू शकतो. खरं लिहिलं असतं तर काम झालं असतं. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने रॅम्पवरचं फुटेज मागितलं आणि क्लेम बुडाला.

लर्निंगवरही कव्हर मिळतं, पण शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस आणि पुढेमागे लाल ‘एल’ हवाच. पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून पोराला एकट्याला सोडलंत, तर क्लेमवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

अठरा पूर्ण नसतील तर किल्लीच देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. समोरच्याला दिलेली भरपाईही कंपनी नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पॉलिसीतलं १५ लाखांचं ‘मालक-चालक’ अपघात कव्हर आरसीवर नाव असलेल्या मालकापुरतंच असतं. गाडी बाबांच्या नावावर आणि गाडी ठोकून मुलगा जायबंदी झाला, तर त्यातून त्याला छदामही नाही. थर्ड पार्टीतूनही, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीसाठी असलेल्या विम्यातूनही, मिळत नाही, कारण दुसऱ्याची गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी येतो, असं सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच म्हटलंय. म्हणून मुलाच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. एजंट हे आपणहून क्वचितच सांगतो.

जुनी गाडी मुलाच्या नावावर केलीत, तर १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसीही त्याच्या नावावर करून घ्या. तुमचा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, त्याला मिळणार नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तुम्ही नवी गाडी घेतलीत तर तिला लावता येईल.